पोचा कुठं पडला

पाणबुड्या गेला त्या दिवशी मुकादमाने जे सामान घरी आणून दिलं, त्यात त्याचं घड्याळही होतं. ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं. वहिनीने टॉवेल उलगडला, तर सेकंदकाटा आपला निवांत फिरत होता.

तिला अख्खं यार्ड वहिनीच म्हणायचं. तिचा नवरा बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात पाणबुड्या होता. बोटींचे तळ पाण्याखालून खरवडायचे, पंख्यात गुरफटलेले दोर कापायचे, गंजलेल्या पत्र्यावरून हात फिरवून कुठे भोक आहे ते सांगायचं, असं त्याचं काम. त्या दिवशी तो एका साध्याशा बोटीखाली उतरला होता. पाणी फार खोल नव्हतं. टाकीत हवा होती, नळी कुठे अडकली नव्हती. मुकादम काठावर बसून बुडबुड्यांवर नजर ठेवून होता. "येत होते, येत होते, आणि थांबले," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कागदावर 'बुडून मृत्यू' असं आलं. यार्डातल्या कुणाला ते पटलं नाही. मासा बुडून मेला म्हणावं, तसं ते वाटायचं. पण दुसरं काय म्हणायचं तेही कुणाला सुचत नव्हतं.

घड्याळ भारीतलं होतं, खोल पाण्यात जाणाऱ्यांसाठी बनवलेलं, जाडजूड. मोटरसायकल विकून त्याने ते घेतलं, तेव्हा वहिनी त्याच्याशी कितीतरी दिवस धड बोलली नव्हती. मग तिनेच त्याचं नाव 'सवत' ठेवलं. तो कामावरून आला की विचारायची, "सवतीची आंघोळ झाली का?" कारण घड्याळावरचं खारं पाणी गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय तो चहाला बसत नसे. एवढे लाड करायचा, पण जपायचा मात्र नाही. तेच घालून बोटीखाली जायचा, तेच घालून घरचा नळ खोलायचा, तेच घालून अंथरुणाला खिळलेल्या आईला उचलून बसवायचा. बघता बघता घड्याळाची रया गेली. कुणी हळहळलं तर म्हणायचा, "वापरायला घेतलंय. पुजायला नाही."

त्यांची मुलगी बिट्टी बापाच्या मांडीवर बसून त्या ओरखड्यांवरून नख फिरवायची. तिने सगळ्यांना नावं दिली होती. पट्ट्याच्या कडीवर बारीक रेघांचं जाळं होतं, ते 'गवत'. काचेभोवतीच्या कड्यावर एक लांब चरा होता, तो 'रस्ता'. बाजूच्या बटणाजवळ दोन आखूड रेघा होत्या, ते 'ससे'. आणि पट्टा घड्याळाला बसतो तिथल्या खालच्या कोपऱ्यावर एक पोचा होता, नख अडकेल एवढा खोल. त्याला नाव नव्हतं. तो सगळ्यांत शेवटी आला होता, पाणबुड्या जायच्या थोडंसंच आधी. वहिनीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बोटीवर आपटलं," आणि शर्टाची बाही खाली ओढली.

तिने घड्याळ कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. तिथे ते आपोआप बंद पडलं. अशी घड्याळं मनगटाच्या हालचालीवर चालतात, ठेवून दिली की थांबतात, उचलली की पुन्हा चालू होतात. हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी एकदा कपाट आवरताना हात लागला आणि काचेखालचा काटा दचकल्यासारखा हलला, तेव्हा तिने ते गादीवर फेकलं आणि ती खोलीबाहेर जाऊन उभी राहिली.

नवऱ्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात फ्रीज दुरुस्तीचं काम करायचा. थोरला गेल्यावर तो बाडबिस्तरा घेऊन घरी परतला. घरामागच्या लोखंडी जिन्याने वर जाता येईल अशी एक खोली होती, थोरला तिथे आपलं सामान ठेवायचा. धाकटा तिथेच राहू लागला. मुकादमाने त्याला यार्डात बोटींच्या इंजिनांवर लावून घेतलं, थोरल्याच्याच टेबलावर. "पाण्यात पाय घालायचा नाही," एवढी एकच अट वहिनीने घातली. धाकटा हसून म्हणाला, "मला पोहता कुठं येतं, वहिनी?"

माणूस मनाने चांगला. नुसता बसणारा नव्हे. घरात जे जे बंद पडलं होतं ते त्याने एकेक करून चालू केलं. आणि अशाच चांगुलपणाच्या भरात एक दिवस त्याने वहिनीला न सांगता आईच्या उशाखालून कपाटाची किल्ली घेतली आणि घड्याळ दुरुस्तीला देऊन आला. काही आठवड्यांनी त्याने तिच्यासमोर एक डबी ठेवली.

वहिनीने डबी उघडली. आतलं घड्याळ आरशासारखं लखलखत होतं.

"हे कुणाचं आणलंत?"

"कुणाचं म्हणजे? दादाचं. घासूनपुसून नवं करून दिलं त्यांनी. तो कोपऱ्यावरचा पोचासुद्धा भरून काढला. हात फिरवून बघा, कळतसुद्धा नाही."

तिने हात फिरवला. खरंच काही कळत नव्हतं. तिला वाटलं, एखाद्या माणसाचा चेहरा पुसून कोरा करून आपल्या पुढ्यात ठेवावा तसं हे आहे. पण धाकट्याचं तोंड एवढंसं झालेलं पाहून तिने शब्द गिळले. "भाऊजी, तुम्हीच घाला हे," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर नुसतं पडून राहायला नको."

म्हणून तो ते घालू लागला.

पहिल्यांदा कळलं ते बिट्टीला. धाकटा जेवत होता, ती शेजारी बसून त्याच्या मनगटाकडे टक लावून बघत होती. एकदम म्हणाली, "आई, बाबांचं गवत उगवलंय."

"काय बोलतेस?"

"हे बघ ना."

कडीवर बारीक रेघांचं जाळं पडलं होतं. धाकटा म्हणाला, यार्डातल्या टेबलाची कड पत्र्याची आहे, हात टेकला की घासतंच. ते खरंही होतं. मग काही दिवसांनी 'रस्ता' आला. मागच्या दाराची कडी आडवी बाहेर आलेली होती, घाईत आत शिरताना मनगट नेमकं तिथे लागे. थोरल्याचंही लागायचं. टक्. तो आवाज वहिनीच्या कानात इतका मुरलेला होता, की पहिल्यांदा तो पुन्हा ऐकू आला तेव्हा पोळपाटावरची पोळी तशीच टाकून ती दारापर्यंत गेली. दारात धाकटा चपला काढत होता.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही. लवकर आलात."

सासूबाईंची नजर गेलेली होती, आणि आठवणही आल्या-गेल्या पाहुण्यासारखी झाली होती. त्यांच्या पलंगाला लोखंडी कठडा होता. त्यांना उठवून बसवताना घड्याळ त्या कठड्यावर आपटायचं. तो आवाज आला की त्या मान वळवायच्या आणि थोरल्याच्या नावाने विचारायच्या, "आलास रे?"

"आलो, आई," धाकटा म्हणायचा.

पहिल्या वेळी वहिनीने ते चालवून घेतलं. मग रोजचंच झालं. एक दिवस तिने त्याला अंगणात गाठलं. "तुम्ही त्यांच्या नावाला ओ कशाला देता?"

"मग काय सांगू तिला? रोज नव्याने सांगू, की तो गेला? आणि रोज नव्याने रडू देऊ?"

त्या दिवसापासून तिला घरात सरळ चालणं अवघड झालं. टक् झालं की हातातलं काम टाकून ती दाराकडे बघायची. पाठमोरा धाकटा मोरीपाशी उभा राहून घड्याळ धूत असला की तिला वाटायचं, आता हा वळेल आणि चेहरा त्यांचा असेल. तो वळायचा, चेहरा धाकट्याचाच असायचा. आणि मग आणखी वाईट वाटायचं, कारण क्षणभर तिने आशा केलेली असायची.

कठड्यावर आपटून आपटून बटणाजवळ दोन आखूड रेघा उठल्या. बिट्टीने टाळी वाजवली. "ससेपण आले!"

वहिनीला हसू आलं नाही. आता एकच राहिलं होतं. तो पोचा आला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले, हा हिशेब तिच्या डोक्यातून जाईना. शेवटी तिने धाकट्याला बोलून दाखवलं.

"काढून ठेवा ते घड्याळ. माझं ऐका."

"अहो वहिनी, घर तेच, दारं तीच, आणि आम्ही दोघं भाऊ एका मापाचे. ओरखडे तिथेच येणार ना? त्यात भुताटकी कसली?"

"आणि तो पोचा?"

"तो दादाला बोटीवर पडला. मी कुठं बोटीखाली जातो?"

दिवसाढवळ्या हे पटण्यासारखं होतं. तिने पटवूनही घेतलं. पण मुकादम सासूबाईंना भेटायला आला तेव्हा तिने सहज विषय काढला, की तो पोचा नेमका कुठल्या बोटीवर पडला होता.

मुकादमाने चहाचा कप खाली ठेवला. "बोटीवर? नाही हो वहिनी. तो आमच्याकडचा नाही. सकाळी आला तेव्हाच पोचा होता. मीच म्हटलं, काय रे, एवढ्या महागाच्या वस्तूची ही दशा? तर म्हणाला, घरी आपटलं."

"घरी?"

"घरी म्हणाला. का? तुम्हाला काय म्हणाला होता?"

वहिनीने त्याच्या कपात आणखी चहा ओतला. घरच्यांना 'बोटीवर' असं सांगितलं, यार्डातल्यांना 'घरी' असं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. चहात साखर कमी असली तरी त्याला ते लपवता यायचं नाही.

त्यानंतर तिने घर पालथं घातलं. दुपारी सगळे बाहेर असताना ती खोल्याखोल्यांतून हिंडायची आणि कडांवरून हात फिरवायची. ओट्याची कड, कपाटाचा कोपरा, खिडकीचे गज, टाकीचं झाकण. मनगट कुठे आपटलं तर नेमका तो खालचा कोपरा लागेल, हे ती स्वतःचा हात वळवून वळवून बघायची. कुठेच जमेना. हात तसा वळतच नव्हता. सासूबाई पलंगावरून विचारायच्या, "कोण शोधतंय ग काय?" आणि ती पुढच्या खोलीत सरकायची.

मग ती दुपार आली. ती मागच्या अंगणात कपडे पिळत होती. धाकटा जेवून वर खोलीकडे निघाला होता, हातात हत्यारांची पेटी. लोखंडी जिन्यावर त्याची पावलं वाजत होती. ती ऐकत होती असं नाही, पण कानावर पडत होती. मग पावलं थांबली. आणि एक आवाज झाला. टक् नाही. ठण्ण! पाठोपाठ पेटी खडखडत खाली आली आणि पाने-पकडी फरशीवर विखुरल्या.

तिने वर पाहिलं. धाकटा अर्ध्या जिन्यावर मागच्या मागे कोसळला होता. डावा हात कठड्याच्या दोन गजांमध्ये अडकला होता, म्हणून तो खाली आला नव्हता, नुसता लोंबकळत होता. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. तोंड राखेसारखं.

ती ओरडली, की ओरडलीच नाही, हे तिला पुढे कधी आठवलं नाही. ओले हात घेऊन ती जिना चढली, त्याच्या काखेखाली खांदा दिला. तेवढ्यात त्याने श्वास घेतला, बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. डोळ्यांत ओळख आली.

"पाय घसरला," तो म्हणाला.

"पाय घसरला नाही. मी ऐकत होते. तुमची पावलं थांबली होती."

"मग चक्कर असेल. ऊन आहे ना." त्याने हात गजांतून सोडवला आणि बाही खाली ओढली. "आईला सांगू नका हं. उगाच जिवाला घोर."

वहिनीने त्याचा हात धरला आणि बाही वर केली. खालच्या कोपऱ्यावर पोचा पडला होता. तिथेच. नख अडकेल एवढा.

ती त्या पायरीवरच बसली. हात वळवून वळवून तिला जो कोन सापडला नव्हता, तो असा होता. चढणाऱ्या माणसाचा हात तसा वळत नाही, उतरणाऱ्याचाही नाही. तो कोसळणाऱ्याचा हात होता. बिट्टीचे बाबाही इथेच असे लोंबकळले होते. ती आत असेल, स्वयंपाकघरात, किंवा बिट्टीची वेणी घालत. आणि शुद्धीवर आल्यावर ते कुणाला हाक न मारता उठले, हात सोडवला, बाही खाली ओढली आणि कामावर गेले.

"कितव्यांदा झालं हे?" तिने विचारलं.

"पहिल्यांदाच."

"भाऊजी."

तो पेटीकडे बघत राहिला. "मागे एकदा झालं होतं. तिकडे असताना. पण लगेच बरं वाटलं."

"उठा. कपडे बदला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."

"अहो, संध्याकाळी मला बोट द्यायची आहे..."

"तुमचे भाऊ तोंड मिटून गेले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की त्याला वाकावं लागलं. "मी तुम्हाला तसं जाऊ देणार नाही. चालत नाही आलात तर चार माणसं बोलावून नेईन, आणि आईंनाही सगळं सांगेन. बघा."

तो निमूटपणे उठला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने वहिनीएवढ्याच होत्या. त्यांनी छातीला वायरी लावून कागदाची लांब पट्टी काढली, पुन्हा काढली, आणि मग खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"घरात कुणी अचानक गेलंय? तरुण वयात?"

"वडील गेले," धाकटा म्हणाला. "जेवता जेवता. मी लहान होतो."

"आणि भाऊ," वहिनी म्हणाली. "पाण्यात. बुडाले म्हणतात."

बाईंनी तिला पाण्याबद्दल सगळं विचारलं. टाकीत हवा होती का, धडपड झाली होती का. मग म्हणाल्या, "खात्रीने सांगता येणार नाही, पण ते बुडाले नसावेत. हृदयाची एक लय असते. काहींच्यात ती जन्मतः कच्ची असते, रक्तातूनच येते. मधेच विस्कटते आणि माणूस दिवा विझल्यासारखा विझतो. लय आपोआप परत आली तर उठून बसतो. नाही आली, तर..." त्या थांबल्या. "पाण्याखाली होते म्हणून पाण्यावर आळ गेला, एवढंच."

वहिनीच्या डोळ्यांपुढे मुकादम आला. येत होते, येत होते, आणि थांबले.

धाकट्याच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक छोटं यंत्र बसवायचं ठरलं. लय चुकली की ते आतून धक्का देणार. त्याला आत नेताना परिचारिकेने अंगावरच्या वस्तू काढून वहिनीच्या हातात दिल्या. घड्याळ हरवू नये म्हणून तिने ते स्वतःच्या मनगटावर चढवलं. ढगळ होत होतं, कोपरापर्यंत सरकवावं लागलं. एवढ्या वर्षांत तिने ते एकदाही घातलं नव्हतं. तिला ते जड वाटलं, आणि उबदार.

घरी आली ती थेट सासूबाईंपाशी गेली. त्यांना पाणी पाजताना घड्याळ घरंगळून कठड्यावर वाजलं. या वेळी सासूबाईंनी कुणाला हाक मारली नाही. त्यांनी चाचपडत तिचा हात धरला, घड्याळावरून बोटं फिरवली आणि कोपऱ्यावर थांबल्या.

"पडला का?" त्यांनी विचारलं.

"कोण, आई?"

"यांनाही यायची चक्कर. विहिरीवर एकदा पडले, एकदा बाजारात. कुणाला सांगू नकोस म्हणाले. म्हणून मी नाही सांगितलं." त्यांचं बोट पोच्यावरच होतं. "मी कुणालाच नाही सांगितलं, हो," त्या पुन्हा म्हणाल्या, शाबासकी मागावी तशा. आणि मग त्यांची आठवण पुन्हा उठून निघून गेली.

वहिनीला राग आला नाही. तिला फक्त थंडी वाजली. दिवाणखान्यातून, ओसरीतून, त्या लोखंडी जिन्यावरून किती माणसं अशी आपापली बाही खाली ओढून वावरली असतील, असं तिच्या मनात आलं.

धाकटा वाचला. घरी आल्यावर काही दिवस खांदा धरून बसायचा, मग हळूहळू यार्डात जायला लागला. पहिल्या दिवशी निघताना त्याने घड्याळाकडे हात केला आणि चाचरत विचारलं, "ठेवून देऊ का हे? की पुन्हा घासून आणू?"

"खबरदार," वहिनी म्हणाली. "त्यांनी तो पोचा लपवला होता. तुम्ही उघडा ठेवा." तिने स्वतः त्याच्या मनगटावर पट्टा लावून दिला. "आणि वाजू दे. घरात कुठे आहात ते मला ऐकू आलं पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट निघता निघता विचारली होती, आणि तेव्हापासून ती वहिनीच्या मनात रुतून होती. "भावाला मूल आहे का?"

बिट्टीला ती शाळेला सुट्टी असताना घेऊन गेली. वायरी गार लागल्या म्हणून बिट्टी खुदकन हसली. बाईंनी कागदाची पट्टी बघितली, आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली, तेव्हाच वहिनीला कळलं. रोज गोळ्या घ्यायच्या, पोहायचं नाही, शर्यतीत पळायचं नाही, मोठी झाली की पुढचं बघू, असं बरंच काही त्या सांगत होत्या. जपलं तर म्हातारी होईल, असंही म्हणाल्या.

दोघी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसल्या. बिट्टी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून बघत होती.

"आई, माझ्यात बाबांचं काय काय आलंय?"

"नाक आलंय. तोंड उघडं टाकून झोपणं आलंय. हट्ट आलाय, तो तर आहेच."

"आणि हे."

"आणि हे," वहिनी म्हणाली.

बिट्टीने पाकिटाची कड दुमडली, पुन्हा सरळ केली. मग पाकिटाकडे बघतच म्हणाली, "मला झालं होतं एकदा. शाळेत, कवायतीला. सगळं काळं झालं. मग बाईंनी पाणी दिलं."

वहिनीने तिच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. "कधी? मला का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. कुणीतरी जिना उतरून त्यांच्या बाजूने गेलं, त्याच्या बुटांचा आवाज लांबवर जाईपर्यंत वहिनी ऐकत राहिली. मग तिने मुलीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"रडेन मी," ती म्हणाली. "खूप रडेन. तरी सांगायचं. दर वेळी सांगायचं."

"बरं," बिट्टी म्हणाली, आणि उठून पायऱ्या उतरू लागली. वहिनी तिच्या मागून निघाली, दोन पावलं अंतर ठेवून, तिच्या चपलांच्या आवाजाकडे कान लावून.